टर्बो जिंकला, त्यामागची कहाणी

पणजी-म्हापशाच्या शोरूममध्ये आज ‘टर्बो पेट्रोल’ गाड्यांची रांग लागलेली असते. सुपरचार्जरवाली गाडी मात्र शोधूनही सापडायची नाही. इंजिनात जोराने हवा कोंबायची, म्हणजे जास्त इंधन जाळून जास्त ताकद काढता येते, ही युक्ती मुळात सुपरचार्जरची.

रूट्स बंधूंनी १८६० मध्ये अमेरिकेत ब्लोअरचं, म्हणजे हवा जोराने ढकलणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं, ते मोटारींसाठी नव्हतंच. पुढे १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलरने इंजिनात दाबाने हवा भरण्याची कल्पना पेटंटमध्ये मांडली आणि १९२१ मध्ये मर्सिडीजच्या ब्लोअरवाल्या गाड्या बर्लिनच्या प्रदर्शनात झळकल्या. सुपरचार्जर इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरच (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) फिरतो. त्यामुळे पिकअप तत्काळ, पण तो फिरवण्याचा खर्चही इंजिनाच्याच माथी.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ च्या पेटंटमध्ये वेगळी वाट काढली: सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या गरम वायूंनीच टर्बाइन फिरवायची आणि तिच्या जोरावर इंजिनात हवा कोंबायची. हाच टर्बो. हिशेब बिनतोड, अडचण वेळेची. चोर्ला घाटाच्या वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडली की वायूंचा जोर कमी पडतो, पाय दाबूनही क्षणभर काही होत नाही, आणि मग गाडी एकदम उसळते. हाच टर्बो लॅग. या एका बाबतीत सुपरचार्जर आजही सरस, असं माझं मत.

पेट्रोल इंजिनात नॉकिंगचाही, म्हणजे दाबामुळे इंधन अवेळी पेटून खडखडाट होण्याचा, त्रास होता. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायर या टर्बो पेट्रोल गाडीला तो टाळायला पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी दिली होती. लोक ती भरायलाच विसरत! गाडीचं उत्पादन दुसऱ्याच वर्षी बंद झालं. डिझेलला ही कटकट नाही, म्हणून तिथे टर्बो आधी रुळला. पेट्रोलमध्ये तो नीट बसला तो इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणि नॉक सेन्सर आल्यावर.

आपल्याकडे निकाल लावला तो करांनी. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या गाड्यांना एक्साइजची सवलत मिळाली. अट अशी की पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत हवं. इंजिन छोटं ठेवून ताकद वाढवायची, तीही मायलेज सांभाळून, तर टर्बोच सोयीचा. ह्युंदाई व्हेन्यूने २०१९ मध्ये ९९८ सीसीतून १२० पीएस (ताकदीचं एकक, जवळपास हॉर्सपॉवरइतकंच) काढले ते याच गणितावर. परदेशात मात्र सुपरचार्जरचा भाऊबंद विजेवर परतलाय: २०१६ च्या ऑडी एसक्यू७ मध्ये टर्बो जागा होईपर्यंत ४८ व्होल्टचा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर हवा पुरवतो.