किण्वनपेटी: गार करणं सोपं, आवरणं अवघड

१५५३ साली बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने फर्मान काढलं: २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायची नाही. उन्हाळ्यातली बिअर बिघडते, हे लोकांना अनुभवानं ठाऊक होतं. का बिघडते, हे कळायला आणखी तीनशे वर्षं जावी लागली. १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रं ब्रुअऱ्यांत बसू लागली आणि ऋतूचा जाच संपला. आता घरी बिअर करणाऱ्या हौशी माणसाला तेच काम जुन्या फ्रिजात उरकता येतं. बिअर आंबताना तिचं तापमान आवरणारा असा फ्रिज म्हणजेच किण्वनपेटी.

एल आणि लागर हे बिअरचे दोन मुख्य प्रकार. एलचं यीस्ट, म्हणजे साखर आंबवणारे सूक्ष्मजीव, साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला खुशीत असतं, लागरचं ८ ते १३ अंशांना. त्याहून गरम झालं तरी यीस्ट काम थांबवत नाही, उलट जोरात करतं, आणि तिथंच घोळ होतो. घशाला चरचरणारी जड अल्कोहोलं आणि फळांच्या वासाची एस्टरं वाढतात. केळ्याचा वास काही गव्हाच्या बिअरमध्ये मुद्दाम हवा असतो. लागरमध्ये तो आला, तर सगळा घाणा फसला म्हणायचं.

खोलीचं तापमान बरोबर असलं की झालं, असं वाटतं. पण यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं. एक किलो साखर आंबताना सुमारे ५९० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. २० लिटरच्या घाण्यात दीडेक किलो साखर आंबते आणि तेवढं द्रव एक अंशानं तापवायला ८४ किलोज्यूल लागतात. म्हणजे सगळी उष्णता आतच कोंडली, तर बिअर दहा अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता भांड्याबाहेर निसटते, तरी ऐन जोरात खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्त भरणं नेहमीचंच. गंमत अशी की हीच उष्णता तीन दिवसांवर पसरली, तर सरासरी चार वॅटही होत नाही. साधा फ्रिज याच्या कैक पट उष्णता उपसतो. त्यामुळे पेटी बांधताना ताकदीची चिंता नको. वेळेवर थांबायला कसं लावायचं, एवढाच खरा प्रश्न.

फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सर्वांत गार खुणेवर ठेवायचा आणि त्याचा प्लग बाहेरच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे सेन्सरनं तापमान बघून वीज चालू-बंद करणाऱ्या डबीत, खोचायचा. कंट्रोलर दोन रिलेंचा, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या दोन स्विचांचा, घ्यावा: एक गार करायला, एक गरम करायला. मग मुद्दा येतो सेन्सरचा, आणि माझ्या मते निम्मी लढाई इथंच आहे. २०० लिटरच्या फ्रिजातली हवा जेमतेम पाव किलो. ती एक अंशानं गार करायला लागते त्याच्या साडेतीनशे पट उष्णता २० लिटर बिअरमधून काढावी लागते. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला, तर दार उघडलं की कॉम्प्रेसर सुरू, मिनिटाभरात बंद. बिअरला पत्ताच नाही. म्हणून तो भांड्याच्या पोटाला, द्रवाच्या पातळीखाली टेकवून वरून फोमचा जाड तुकडा घट्ट पट्टीनं बांधावा. फोम विसरला, तर सेन्सर पुन्हा हवाच मोजतो.

आता उलटी अडचण: बिअर हळू गार होते. सेन्सर ‘पुरे’ म्हणेपर्यंत हवा बर्फगार झालेली असते आणि कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही तापमान घसरत राहतं. आतला छोटा पंखा सतत चालू ठेवला आणि कंट्रोलरला अर्धा ते एक अंशाची मोकळीक दिली, की हे झोके आटोक्यात येतात. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी तीन ते पाच मिनिटांची सक्तीची विश्रांतीही लावावी, नाहीतर तो लवकर जळतो. गरम करायला कमी वॅटचा हीटिंग पट्टा पुरतो. उघडा बल्ब नको, कारण प्रकाशानं हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) संयुगं तुटून घाण वास येतो.

वायरसाठी फ्रिजच्या भिंतीला भोक पाडायचा मोह टाळा. आत शीतद्रव्याच्या नळ्या असतात आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजांत तो वायू ज्वलनशील आयसोब्युटेन असतो. पातळ वायर दाराच्या रबरातून सहज जाते. याच घाण्यातून चारेकशे लिटर कार्बन डायऑक्साइडही निघतो, म्हणजे फ्रिजच्या दुप्पट. म्हणून भांड्याला एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची झडप, हवाच, आणि दार उघडताना खिडकी उघडी असावी.

चवीचा बराचसा फैसला पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो, कारण यीस्ट तेव्हाच झपाट्यानं वाढतं. काटेकोरपणा तेव्हा पाळावा. लागर आंबत आली की उलट दोन-तीन अंश वाढवतात. लोण्याचा वास देणारं डायअसेटिल यीस्ट तेव्हा स्वतःच फस्त करतं. मग गाळ बसावा म्हणून बिअर शून्याजवळ नेतात. त्या वेळी भांड्यातला वायू आकसतो आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. तेव्हा गार करण्याआधी त्यात साध्या पाण्याऐवजी उकळून थंड केलेलं पाणी किंवा थोडी व्होडका भरून ठेवावी.