दोन प्रजाती, एक आवार : शंकरच्या एकटेपणामागचा इतिहास

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला आफ्रिकी हत्ती शंकर १७ सप्टेंबर २०२५ रोजी गेला. वय अवघं २९. त्याला जोडीदार आणून द्यायचा, परदेशात पाठवायचं, की तिथल्याच आशियाई हत्तींमध्ये सोडायचं, हा वाद त्याआधी कित्येक वर्षं चालला होता. बातम्यांनी तो एका हत्तीच्या एकटेपणाची गोष्ट म्हणून मांडला. त्यामागे मात्र जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना जुना असलेला प्रश्न आहे: वेगवेगळ्या प्रजातींचे प्राणी एकाच आवारात ठेवावेत का?

सुरुवातीला हे सगळं बघणाऱ्यांसाठीच होतं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर मांजर, उंदीर, घुबड एकाच पिंजऱ्यात बसवून ‘सुखी कुटुंब’ म्हणून त्यांचे खेळ लावले जात. १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगनला नवं उद्यान उघडलं आणि पिंजऱ्याच्या लोखंडी गजांची जागा लपवलेल्या खंदकांनी घेतली. पुढे तळ्यातले पक्षी, मागे चरणारे प्राणी, त्यांच्याही मागे सिंह, असं दृश्य एका नजरेत मावू लागलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९४१ साली आफ्रिकी मैदान उभं राहिलं तेही याच धर्तीवर. सिंह आणि त्याचं सावज एकत्र दिसत, राहत मात्र वेगवेगळे.

खरा सहवास आला तो मुख्यतः खुरवाल्या प्राण्यांमुळे. मोठं कुरण, त्यात झेब्रे, हरणं, शहामृग. आपल्याकडेही अनेक ठिकाणी चितळ आणि काळवीट एका कुंपणात ठेवायची पद्धत पडली, आणि त्यात काही ठरवण्यासारखं आहे असं फारसं कुणाला वाटलं नाही. प्राण्यांच्या बाजूने विचार व्हायला बराच काळ जावा लागला. ब्राँक्समध्ये १९९० साली जेलाडा माकडं आणि न्युबियन आयबेक्स हे रानबोकड एका डोंगरउतारावर आले. जेलाडा इथिओपियाच्या उंच पठारांवरचे; तिथे त्यांच्या शेजारी राहतो तो न्युबियन आयबेक्सचा जवळचा नातलग, वालिया आयबेक्स. कान्हाच्या जंगलात वानरं झाडावरून पाला पाडतात, खाली चितळं तो खातात आणि दोघं एकमेकांचे धोक्याचे आवाज ओळखतात. तोही असाच निसर्गातला शेजार. मुंबईच्या राणीच्या बागेत २०२० मध्ये लोकांना आत फिरता येईल असं पक्ष्यांचं मोठं दालन उघडलं. त्यातही अनेक प्रजाती एकत्र आहेत. पाणथळीवर आणि झाडांवर पक्षी एरवीही मिसळूनच राहतात, त्यामुळे तिथे मन फारसं अडखळत नाही.

हत्तींचं तसं नाही. आफ्रिकी आणि आशियाई हत्ती निसर्गात एकमेकांच्या वाटेला कधीच जात नाहीत. तरीही युरोप-अमेरिकेत दोन्ही हत्ती सर्रास एका छताखाली राहिले. हत्तीखाना बांधणं महाग, सांभाळणारी माणसं मोजकी आणि पाहणाऱ्याला दोन्ही हत्तीच. या दोघांचं पिल्लू होणंच शक्य नाही, अशी समजूत होती. जुलै १९७८ मध्ये इंग्लंडच्या चेस्टरमध्ये आशियाई हत्तीणीला आफ्रिकी नरापासून पिल्लू झालं. कान आफ्रिकी वळणाचे, सोंडेच्या टोकाला बोट मात्र आशियाई हत्तीसारखं एकच. ते दिवस भरण्याआधी जन्मलं होतं आणि दहा दिवसांत गेलं. त्यानंतरही दोन्ही प्रजाती वेगळ्या कराव्यात, असं लगेच कुणी ठरवलं नाही.

ते ठरलं एका आजारावरून, आणि इथे जरा थांबायला हवं. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात सोळा महिन्यांचं आशियाई पिल्लू अचानक दगावलं. त्याच्या शरीरात हर्पिस गटातला, तोवर कुणाला माहीत नसलेला विषाणू सापडला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असा अंदाज होता की हा विषाणू आफ्रिकी हत्तींमध्ये निरुपद्रवी राहतो आणि सहवासातून आशियाई पिल्लांपर्यंत पोचून त्यांचा जीव घेतो. अंदाज तर्काला धरून होता. एका प्रजातीला न बाधणारा विषाणू दुसरीला मारतो, याची उदाहरणं माकडांमध्ये आधीच होती. हत्ती वेगळे ठेवण्याच्या बाजूने हे मोठं कारण ठरलं.

पुढच्या संशोधनाने हा अंदाज मोडला. आशियाई पिल्लांना मारणारे विषाणू मुळात आशियाई हत्तींचेच निघाले. आफ्रिकी हत्तींमधले प्रकार वेगळे आहेत. दक्षिण भारतात ज्यांनी आफ्रिकी हत्ती कधी पाहिलाही नाही अशी जंगलातली पिल्लंही याच आजाराने मेल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१९ मध्ये ओडिशातल्या नंदनकाननमध्ये चार हत्ती त्यानेच गेले. म्हणजे वेगळं ठेवण्याचं सगळ्यात वजनदार कारण गळून पडलं, पण पद्धत कायम राहिली. स्वभावातला फरक, देहबोलीतला फरक, संकराची शक्यता ही कारणं अजूनही खरी आहेत आणि माझ्या मते पुरेशीही आहेत. पण ‘यांना एकत्र ठेवू नका’ एवढं सांगणारा नियम ‘मग याच्यासोबत कोण?’ या प्रश्नाला हात घालत नाही.

शंकर नेमका या फटीत सापडला. १९९८ मध्ये झिम्बाब्वेकडून माजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्यासाठी भेट म्हणून तो आला, त्यांचंच नाव त्याला मिळालं. तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. सोबत आलेली आफ्रिकी हत्तीण काही वर्षांतच मेली. त्यानंतर त्याला तिथल्या आशियाई हत्तींबरोबर ठेवून पाहिलं, पण ते एकमेकांवर धावून जात. मग तो वेगळा राहू लागला, आणि २०१२ मध्ये नव्या आवारात गेल्यावर पूर्णच एकटा पडला. कोणताही हत्ती सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ एकटा ठेवू नये, हा सरकारी नियम २००९ पासून होता. २०२१ मध्ये त्याला आफ्रिकी हत्तींच्या कळपात पाठवावं म्हणून याचिका झाली. दोन वर्षांनी न्यायालयाने ती फेटाळून संबंधित समितीकडे जायला सांगितलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने शंकरच्या देखभालीवरून दिल्लीचं सदस्यत्व सहा महिन्यांसाठी स्थगित केलं, तेव्हा कुठे त्याच्या पायातल्या साखळदंडाची देशभर चर्चा झाली.

आशियाई हत्तींबरोबरचा प्रयोग फसला, हे मान्य. पण तो फसल्यानंतर सरली ती वर्षं मला अधिक खटकतात. एक मार्ग बंद झाल्यावर दुसरा शोधायची घाई कुणीच केली नाही.

त्याच्या मृत्यूचं कारण तपासणीत निघालं ते हृदयावर हल्ला करणाऱ्या एका विषाणूचा संसर्ग. हा विषाणू प्रामुख्याने उंदरांमार्फत पसरतो. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात १९९३च्या अखेरीस सुरू झालेल्या साथीत त्याने ६० हून अधिक हत्ती मारले होते आणि त्या काळात तिथे उंदरांची संख्या प्रचंड वाढलेली होती. त्यामुळे एका आवारात कोण राहतं याचा हिशेब मांडताना फलकावर नाव नसलेले रहिवासीही धरावे लागतात: धान्याच्या कोठीतले उंदीर, भिंतीवरची माकडं, कुंपणाबाहेरची गुरं.

मैसूरच्या प्राणिसंग्रहालयातही एक आफ्रिकी हत्ती आहे. त्याच्यासाठी आफ्रिकी साथीदार बाहेरून आणायचा, त्यालाच आफ्रिकी कळपात पाठवायचं, की कुंपणापलीकडून आशियाई हत्ती दिसतील, त्यांचा वास येईल एवढ्यावर थांबायचं, असे तीनच पर्याय आज समोर दिसतात.