पी१६ : गाठीत जास्त असलं तर बरं, असं एक प्रथिन

कर्करोगाच्या अहवालात एखाद्या प्रथिनापुढे ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की घरच्यांचा धीर सुटतो. मार्कर, म्हणजे आजाराची खूण सांगणारा घटक, जितका जास्त तितका आजार वाईट, हा समज फार घट्ट बसला आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पी१६ हे प्रथिन तो खोटा ठरवतं. गाठीत ते भरपूर असेल तर उपचारांनंतरचं आयुर्मान बहुधा अधिक असतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. नवल असं, की हे प्रथिन मुळात कर्करोग रोखणारं आहे.

निरोगी पेशीत आरबी हे प्रथिन ई२एफ प्रथिनांना धरून ठेवतं. ई२एफ सुटली, की डीएनएची नक्कल करणारी जनुकं चालू होतात आणि पेशी विभाजनाला लागते. आरबीची पकड सैल करतात सीडीके४ आणि सीडीके६ ही विकरं. ती आरबीवर फॉस्फेट चिकटवतात. पी१६ या विकरांना अडवतं, म्हणून विभाजन थांबतं.

या कर्करोगाच्या बहुतेक गाठींमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. तो शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. विषाणूचं ई७ प्रथिन सीडीकेच्या वाटेला जातच नाही, थेट आरबीचाच नाश घडवतं. एरवी पी१६ किती बनावं यावरही आरबीचा अंकुश असतो. तोही गेल्यामुळे पेशी पी१६चा ढीग लावते, पण उपयोग शून्य. सायकलच्या ब्रेकची तार तुटल्यावर दांडी कितीही आवळा, चाक थांबत नाही. पी१६साठी रंगवलेल्या बायोप्सीच्या काचेवर पॅथॉलॉजिस्टला दिसणारा सलग तपकिरी रंग म्हणजे ई७ कामावर असल्याची खूण.

मग अशा गाठी उपचारांना का नमतात? एक पटणारं कारण पी५३ या प्रथिनात आहे. डीएनएला इजा झाली की पेशीला थांबवणारं किंवा मरायला लावणारं हे प्रथिन. विषाणूचं ई६ त्याला पेशीच्याच ई६एपी या विकराकरवी नष्ट करवतं, पण पी५३चं जनुक सहसा शाबूत राहतं. किरणोपचार आणि सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध दोन्ही डीएनएवरच घाव घालतात, तेव्हा उरलेलं पी५३ कामी येऊ शकतं. एचपीव्हीविना झालेल्या गाठींत मात्र हे जनुकच अनेकदा बिघडलेलं असतं. त्यातला जठरासारख्या पेशींचा प्रकार तर केमो-रेडिएशनला फारच कमी दाद देतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०च्या वर्गीकरणात एचपीव्हीशी निगडित आणि एचपीव्हीविना झालेल्या गाठी वेगळ्या केल्या, हे फार योग्य झालं.

‘एका रक्ततपासणीत कर्करोग ओळखा’ अशा जाहिरातींना मात्र भुलू नये. या कर्करोगात मोजलं जाणारं रक्तातलं एससीसी अँटिजेन हे प्रथिन सोरायसिससारख्या त्वचारोगात आणि मूत्रपिंडं निकामी झाल्यावरही वाढतं, आणि सुरुवातीच्या कर्करोगात अनेकदा वाढतच नाही. त्याचा खरा उपयोग निदान झालेल्या रुग्णात उपचारांचा परिणाम आणि आजार उलटणं यांवर नजर ठेवायला होतो. लवकर निदानासाठी एचपीव्ही चाचणी किंवा पॅप तपासणीच हवी.

पी१६ पाहून आज उपचार बदलले जात नाहीत. पीडी-एल१ पाहून बदलतात. हे प्रथिन गाठीच्या पेशींवर असलं की रोगप्रतिकारक टी-पेशी थंडावतात. पसरलेल्या किंवा उलटलेल्या आजारात त्याचा गुणांक १ किंवा जास्त असेल तर केमोथेरपीबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे टी-पेशींना पुन्हा कामाला लावणारं औषध दिल्याने रुग्ण अधिक काळ जगतात, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं.