सीनेम नोंद आणि तिचा शोध

इंटरनेटवरील नावांवरून आयपी पत्ते, म्हणजे यंत्रांचे अंकी पत्ते, शोधून देणाऱ्या डोमेन नेम सिस्टीममध्ये (डीएनएस) एखादे नाव दुसऱ्या नावाचे उपनाम आहे, असे सांगणारी नोंद म्हणजे सीनेम. संगणकशास्त्रज्ञ पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या डीएनएसच्या पहिल्या आराखड्यातच ती होती. आज पाळले जाणारे तिचे मूळ नियम १९८७ च्या आरएफसी (इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) १०३४ आणि १०३५ मध्ये आहेत.

एखाद्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे 'ए' नोंद, विचारल्यावर सर्व्हरला तिथे सीनेम सापडली, तर रिझॉल्व्हर, म्हणजे वापरकर्त्याच्या वतीने नाव शोधणारी प्रणाली, तिच्यातले नाव घेऊन शोध नव्याने सुरू करतो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.गिटहब.कॉम हे गिटहब.कॉमचे उपनाम आहे. डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या डिग आज्ञेने त्याची 'ए' नोंद मागवली की उत्तरात आधी सीनेमची ओळ येते आणि तिच्याखाली पत्ता. प्रत्येक ओळीत नावापुढे टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचे, तो आकडा असतो. लगेच पुन्हा विचारले आणि तो कमी झालेला दिसला, तर उत्तर साठ्यातून आले आहे असे समजावे.

थेट सीनेम प्रकार मागितला, तर साखळीची फक्त पहिली कडी मिळते. उपनामाचेही पुढे उपनाम असू शकते, म्हणून पूर्ण साखळी पाहायची असेल तेव्हा 'ए' नोंदच विचारणे बरे. सीनेम विचारल्यावर उत्तर रिकामे, पण त्रुटीविना आले, तर नाव अस्तित्वात आहे, फक्त ते उपनाम नाही. 'ए' विचारल्यावर सीनेमची ओळ दिसूनही शेवटी एनएक्सडोमेन ('असे नावच नाही' हे उत्तर) आले, तर लक्ष्य नावच उरलेले नाही. अशा लोंबकळत्या नोंदीकडे दुर्लक्ष करू नये. बंद केलेल्या क्लाउड सेवेवरचे ते मोकळे नाव तिसऱ्याच कुणी घेतले, तर मूळ संस्थेच्या उपडोमेनवर त्याचा मजकूर दिसू लागतो.

'या डोमेनची सगळी उपनामे दाखवा' असा प्रश्न मात्र डीएनएसला विचारताच येत नाही. नोंद उपनामाखाली साठवलेली असते, लक्ष्याखाली नाही. पीटीआर नोंदीचाही इथे उपयोग नाही, कारण ती आयपी पत्त्यावरून नाव सांगते. पूर्ण यादी झोनच्या, म्हणजे एकाच व्यवस्थापनाखालील नावांच्या गटाच्या, फाइलमध्ये असते. ती एएक्सएफआर, म्हणजे संपूर्ण झोनच्या हस्तांतरणाने मागवता येते, पण बहुतेक सर्व्हर अनोळखी यंत्राला ते नाकारतात, आणि ते योग्यच आहे. बाहेरच्या माणसाला निष्क्रिय डीएनएस संग्रहांवर (पूर्वी मिळालेली उत्तरे जपून ठेवणाऱ्या साठ्यांवर) भागवावे लागते, आणि त्यांत कधीतरी कुणी विचारलेलीच नावे सापडतात.

सीनेम असलेल्या नावावर डीएनएससेकच्या (उत्तराची सत्यता सहीने पडताळू देणाऱ्या व्यवस्थेच्या) नोंदी वगळता दुसरी कोणतीही नोंद चालत नाही. झोनच्या मुळाशी, म्हणजे नुसत्या डोमेन नावावर, एसओए (झोनची मूलभूत माहिती) आणि एनएस (झोनच्या सर्व्हरची नावे) नोंदी सक्तीच्या असल्याने तिथे सीनेम लावता येत नाही. ही अडचण टाळण्यासाठी अनेक सेवादाते 'एलियस' किंवा 'एनेम' नावाची सोय देतात. तीत लक्ष्याचा पत्ता सर्व्हरच शोधून 'ए' नोंद म्हणून देतो, त्यामुळे बाहेरून शोधणाऱ्याला उपनामाचा मागमूसही लागत नाही. २०२३ च्या आरएफसी ९४६० मधील एचटीटीपीएस नोंदीने वेबपुरते मुळाशीही उघड उपनाम देणे शक्य केले.