तांबं-ॲल्युमिनियमचा बिनआगीचा सांधा

नाशिकच्या अंबड-सातपूरला विजेचे पॅनेल बांधणाऱ्या कारागिरापुढे तांब्याची पट्टी आणि ॲल्युमिनियमची केबल ठेवा, तो सावध होतो. नुसत्या नट-बोल्टवर भरवसा ठेवता येत नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, गार झाल्यावर सांधा सैलावतो, मग तिथंच आणखी तापतो आणि शेवटी जळतो. वेल्डिंग करावं, तर ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि तांबं १०८५ अंशांना. वितळून मिसळले तरी मध्ये दोघांच्या संयुगांचा ठिसूळ थर धरतो.

मग वितळवायचंच कशाला? चुंबकीय स्पंद वेल्डिंगमध्ये ज्योत नाही, रॉड नाही. तांब्याच्या दांड्यावर ॲल्युमिनियमची नळी सरकवायची, मध्ये एक-दोन मिलिमीटर फट ठेवायची आणि भोवती जाड तांब्याचं वेटोळं बसवायचं. मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज काही मायक्रोसेकंदांत त्या वेटोळ्यात सोडली, की लाखो अँपिअरचा प्रवाह उसळतो. नळीत उलट्या दिशेचा प्रवाह उमटतो; बारावीत शिकलेला लेन्झचा नियम तो हाच. दोन्ही प्रवाह एकमेकांना ढकलतात. वेटोळं पक्कं बांधलेलं असतं, म्हणून नळीच आत चेपली जाते, सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगानं. या वेगानं नाशिकहून मुंबई दहा मिनिटांच्या आत येईल.

पण नुसत्या वेगानं धातू चिकटत नाहीत. खरी मेख कोनात आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचं पातळ, चिवट कातडं असतं आणि तेच धातूला धातूशी भिडू देत नाही. नळी थोडी तिरकी आदळली, तर आदळण्याची रेघ पुढं पुढं धावते आणि तिच्यापुढं पृष्ठभागावरचाच धातू फवाऱ्यासारखा उडतो. तोच ते कातडं खरवडून नेतो. मागं उरतात ते दोन उघडे धातू, प्रचंड दाबाखाली अणूला अणू लागलेले. असा सांधा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की बऱ्याचदा सीमारेषा लाटांसारखी दिसते. घन धातूत लाटा उठाव्यात, याचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

जुन्या नाशकातल्या तांबट लेनमध्ये हातोडीच्या ठोक्यांनी तांब्याला आकार मिळायचा, पण भांड्याचे तुकडे सांधायला डाग लावावाच लागे, म्हणजे आग आलीच. इथं एकच ठोका सांधतो.

या तंत्राची सुरुवात १९६०च्या दशकाच्या अखेरीस मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत, अणुइंधनाच्या नळ्या बंद करण्यासाठी झाली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही यावर काम झालं आहे. अडचणी आहेतच. पोलादातून वीज तितकी सहज वाहत नाही, म्हणून त्यावर तांब्या-ॲल्युमिनियमचं वेष्टण चढवून ते ढकलावं लागतं. भाग एकमेकांवर चढलेलेच हवेत. आणि नळीला बसतो तेवढाच दणका वेटोळ्यालाही बसतो, त्यामुळे तेही झिजतं, फुटतं.

सांधा नीट जमला, तर ओढून तपासताना शेजारचं ॲल्युमिनियम फाटतं, जोड मात्र जागचा हलत नाही.