जुने क्रॉलर ट्रॅक्टर : चेन, वळण आणि स्टार्टिंगची पार्श्वभूमी

क्रॉलर ट्रॅक्टरचा, म्हणजे चाकांऐवजी फिरत्या पट्ट्यांवर (चेनवर) चालणाऱ्या ट्रॅक्टरचा, जन्म रुतणाऱ्या चाकातून झाला. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या त्रिभुज प्रदेशातली माती इतकी मऊ, की वाफेचा ट्रॅक्टर स्वतःच्याच वजनाने खाली जायचा. बेंजामिन होल्ट यांच्या कारखान्याने साडेसात फूट उंच आणि सहा फूट रुंद चाके करून पाहिली. यंत्र अवाढव्य झाले, वळवणे मुश्कील झाले. अखेर नोव्हेंबर १९०४ मध्ये मागची चाके काढून लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे लावले आणि यंत्र तरले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्यातले डेव्हिड रॉबर्ट्स यांनी आपल्या चेनचे पेटंट घेतले. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या अल्विन लोंबार्ड यांचे पेटंट तर १९०१ चे. ओंडके ओढणाऱ्या त्यांच्या वाफेच्या इंजिनाला मागे चेन आणि पुढे बर्फावरून घसरणाऱ्या पट्ट्या होत्या. पहिला मान कुणाचा यावर आजही वाद घालता येतो. पुढची वंशावळ मात्र होल्टकडून निघते: हॉर्न्सबीची पेटंटे त्यांनीच विकत घेतली आणि १९२५ मध्ये त्यांची कंपनी व स्पर्धक सी. एल. बेस्ट एकत्र येऊन कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी झाली.

रुतणे थांबले, तरी वळायचे कसे हा प्रश्न उरलाच. होल्टच्या सुरुवातीच्या मॉडेलांना त्यासाठी पुढे एक चाक असे. सी. एल. बेस्ट यांच्या १९१९ च्या सिक्स्टी ट्रॅक्टरमध्ये ते नव्हते. दोन्ही बाजूंना स्वतंत्र स्टिअरिंग क्लच. ज्या बाजूचा दांडा ओढाल त्या चेनची ताकद तुटते, आणि ब्रेक दाबला की यंत्र जागच्या जागी वळते. या रचनेची एक खोड नव्या चालकाला आधीच सांगावी लागते. उतारावर मागचा भार ढकलत असताना एका बाजूचा क्लच सोडला, तर इंजिनाची अडवणूक सुटून तीच चेन जास्त पळते आणि ट्रॅक्टर उलट दिशेला वळतो. क्लीव्हलँड ट्रॅक्टर कंपनीच्या क्लेट्रॅकमध्ये हे होत नाही. तिथे डिफरन्शियल असा जुळवला आहे, की एका बाजूचा ब्रेक लावताच ती चेन मंदावते, दुसरी तितकीच वेग घेते आणि ताकद दोन्हींकडे जात राहते. वळणापुरते बोलायचे तर ही रचना सरस आहे.

कोरडे स्टिअरिंग क्लच वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या यंत्रात हमखास चिकटतात: पाणी शिरते, प्लेटा गंजून एकमेकींना धरतात. उलट मधल्या गिअरपेटीचे सील गेले की तेल येऊन क्लच घसरतो. तेलकट क्लचसाठी जुना उपाय असा : कप्प्यात रॉकेल भरायचे, यंत्र पुढेमागे चालवत दांडे ओढत-सोडत राहायचे, मग खालचा नट काढून सगळे निथळू द्यायचे. सील बदलला नाही, तर हे सगळे थोड्याच दिवसांत पुन्हा करावे लागते.

तिसरा प्रश्न, इंजिन सुरू कसे करायचे हा, डिझेलने आणला. पेट्रोलवर चालणाऱ्या सिक्स्टीचे चार सिलिंडर साडेसहा इंच व्यासाचे, स्ट्रोक साडेआठ इंच, फेरे मिनिटाला ६५०. फ्लायव्हीलच्या भोकात पहार घालून ते सुरू करत. १९३१ च्या कॅटरपिलर डिझेलचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) पहारीला दाद देणारे नव्हते. म्हणून त्यावर दोन सिलिंडरचे छोटे पेट्रोल इंजिन बसवले, त्यालाच पोनी म्हणतात. दोघांचे पाणी एकच आणि पोनीचा धूर मोठ्या इंजिनाच्या हवेच्या नळीला ऊब देतो. थंडीत याचे मोल कळते. क्रम चुकवू नये. मोठ्या इंजिनाचे डिझेल बंद आणि कॉम्प्रेशनचा दांडा (याने तो दाब सुटतो) सोडलेल्या स्थितीत ठेवायचा, पोनी सुरू करून गरम होऊ द्यायची, तिचा क्लच सुटा असतानाच पिनियन (मोठे इंजिन फिरवणारे छोटे दातेरी चाक) गुंतवायचा, मग क्लच जोडायचा. ऑइल प्रेशर दिसेपर्यंत इंजिन तसेच फिरवायचे, नंतर कॉम्प्रेशन लावायचे, आणि शेवटी डिझेल सोडायचे. काम झाल्यावर पोनी किल्लीने बंद करू नये. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू द्यावी. नाहीतर गळणाऱ्या फ्लोटमधून पेट्रोल तिच्या तेलात उतरते आणि बेअरिंगांचा जीव जातो. इंटरनॅशनल हार्वेस्टरने वेगळी वाट धरली: तेच इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे आणि दांडा टाकून डिझेलवर न्यायचे. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरला एक जादा व्हॉल्व्ह आणि पोकळी लागली. हेडमध्ये गर्दी झाली. म्हणून असे यंत्र पाहताना हेडला तडा आहे का, ते आधी तपासावे.

चेनचे तत्त्व मात्र शंभर वर्षांत फारसे बदलले नाही. ती ताणली जाते असे म्हणतात, पण लोखंड लांबत नाही. पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) आतून झिजतात, प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते आणि पिच (दोन पिनांमधले अंतर) वाढतो. मापायचे असेल तर चेन ताणून धरा, मास्टर पिन (चेन उघडण्याची पिन) टाळा आणि चार कड्यांचे अंतर पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत घ्या. झीज एकाच बाजूला असते, त्यामुळे बुश पार होण्याआधी पिन-बुश प्रेसवर काढून अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवले, तर पिच मूळ मापाजवळ येतो. पिच वाढलेल्या चेनवर नवा स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) चढवणे म्हणजे त्याचे दात झिजवून घेणे. चेन फार ताठही ठेवू नये; वरच्या रोलर आणि आयडलर (चेन ताणून धरणारे पुढचे चाक) यांच्यामध्ये थोडा झोल हवाच. आयडलरमागची मोठी स्प्रिंग कारखान्यातच दाबून बसवलेली असते. तिचा मधला बोल्ट जागेवर सोडवल्याने माणसे जीवानिशी जाऊ शकतात. योग्य प्रेसशिवाय हात लावू नये.

ओळख पटवताना रंगावर भिस्त ठेवू नये. कॅटरपिलरचा राखाडी रंग १९३१ च्या अखेरीस पिवळा झाला, पण रंगरंगोटी कुणीही करतो. सिरियल नंबरच्या आधीची अक्षरे पाहावीत. कॅटरपिलरच्या डी-२ मॉडेलमध्ये ३जे म्हणजे दोन चेनमधले अंतर ४० इंच, ५जे म्हणजे ५० इंच. १९४७ पासून त्यांच्या जागी ४यू आणि ५यू आले, सिलिंडरचा व्यासही पावणेचार इंचांवरून चार इंच झाला. पिस्टन मागवण्याआधी ही अक्षरे वाचून घ्यावीत.