सर्वांत जास्त सुधारला कोण? एनबीएतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

एप्रिल २०२५ मध्ये एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ‘मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेयर’, म्हणजे सर्वांत जास्त सुधारलेला खेळाडू, या पुरस्कारासाठी शेवटची तीन नावं उरली आणि बास्केटबॉल बघणाऱ्यांमध्ये दरवर्षीची वादावादी सुरू झाली. डेट्रॉइटचा केड कनिंगहॅम, लॉस एंजेलिस क्लिपर्सचा इविका झुबाट्स आणि अटलांटाचा डायसन डॅनियल्स. कनिंगहॅमच्या संघाने आदल्या मोसमात ८२ पैकी जेमतेम १४ सामने जिंकले होते, या वेळी ४४ जिंकले. पण जो मुलगा २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, सगळ्यांत आधी निवडला गेला, तो चमकला तर ती सुधारणा म्हणायची की त्याच्याकडून अपेक्षितच होतं म्हणायचं? झुबाट्सचा तो नववा मोसम, आणि इतक्या उशिरा तो सामन्यामागे अकरा-बारा गुणांवरून जवळपास सतराच्या सरासरीवर गेला होता. डॅनियल्सची सरासरी ५.८ वरून १४.१ झाली होती, पण त्याची खरी कमाई गुणांच्या रकान्यात नव्हतीच. ती होती समोरच्याच्या हातातून चेंडू काढून घेण्यात.

पुरस्कार डॅनियल्सला मिळाला. मला तो निकाल मनापासून पटला. का पटला, हे सांगायचं तर पुरस्काराच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

या पुरस्काराच्या आधी एनबीएत ‘कमबॅक प्लेयर ऑफ द इयर’ होता. १९८०-८१ ते १९८५-८६ असे सहाच मोसम तो दिला गेला. पहिला मानकरी बर्नार्ड किंग. दारूच्या व्यसनातून बाहेर पडून त्याने गोल्डन स्टेटकडून तो मोसम गाजवला होता. १९८५ मध्ये हा मान न्यू जर्सी नेट्सच्या मायकल रे रिचर्डसनला मिळाला. त्याची झुंज अमली पदार्थांशी होती आणि मैदानावर तो चेंडू हिसकावण्यात लीगमध्ये पहिला होता. पुढच्याच वर्षी, २५ फेब्रुवारी १९८६ रोजी, चाचणीत तिसऱ्यांदा दोषी आढळल्यामुळे लीगने त्याच्यावर आजीवन बंदी घातली. दोन वर्षांनी ती उठली, पण तो एनबीएत पुन्हा खेळला नाही. पडलेला माणूस उठला म्हणून त्याचा सत्कार करायचा, आणि वर्षभरात त्यालाच बाहेर काढायचं. त्या मोसमानंतर लीगने कमबॅक पुरस्कार गुंडाळला. या दोन गोष्टींचा संबंध असल्याचं लीगने कधी सांगितलं, असं मी म्हणत नाही. पण त्या पुरस्काराचं अवघडलेपण यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

रिचर्डसनवर बंदी येण्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १८ फेब्रुवारी १९८६ ला, सॅन अँटोनिओचा दुसऱ्या मोसमातला गार्ड (रिंगपासून लांब राहून चेंडू खेळवणारा खेळाडू) अॅल्विन रॉबर्टसन फिनिक्सविरुद्ध खेळत होता. त्या रात्री त्याने २० गुण, ११ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेला चेंडू), १० असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास) आणि १० स्टील (समोरच्याकडून हिसकावलेला चेंडू) केले. चार रकान्यांत दोन आकडी संख्या एनबीएत आजवर चारच जणांना जमली आहे, आणि त्यात स्टील असलेला रॉबर्टसन एकटाच. त्या मोसमात त्याने एकूण ३०१ वेळा चेंडू हिसकावला. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. सरासरी गुण ९.२ वरून १७ वर गेले. १९८५-८६ चा पहिलावहिला ‘मोस्ट इम्प्रूव्ह्ड’ त्यालाच मिळाला, आणि सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कारही.

म्हणजे हा पुरस्कार सुरू झाला तो बचावाच्या जोरावर. पण लगेच दुसऱ्या वर्षी वारं फिरलं. डॅलसमध्ये बाकावर बसून ७.१ च्या सरासरीने खेळणारा डेल एलिस सिअॅटलला गेला आणि २४.९ वर पोहोचला. मतं देणारे क्रीडा पत्रकार आणि समालोचक. त्यांच्यापुढे शेकडो खेळाडू, आणि प्रत्येकाचा वर्षभराचा प्रवास त्यांनी जवळून पाहिलेला असणं शक्य नाही. अशा वेळी सगळ्यांत पटकन डोळ्यांत भरतो तो गुणांचा आकडा. तेव्हापासून या पुरस्काराचा कल गुणांकडे झुकला तो झुकलाच.

इथे जरा हिशेब मांडतो, कारण सगळा वाद यातच अडकलेला आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात पोर्टलंड संघाचे पाचपैकी चार मुख्य खेळाडू निघून गेले. उरला एकटा डेमियन लिलार्ड. बाकावरचा सीजे मॅक्कॉलम त्याच्या जोडीला आला. त्याची सरासरी ६.८ वरून थेट २०.८ झाली आणि २०१६ चा पुरस्कार त्याच्या घरी गेला. वाढ १४ गुणांची! पण आदल्या वर्षी तो सामन्यात १५.७ मिनिटं खेळत होता, या वर्षी ३४.८. दोन्ही वर्षांचे गुण दर ३६ मिनिटांना किती पडतात ते काढलं तर साधारण १५.६ आणि २१.५ येतात. म्हणजे खरी वाढ सहाच्या आसपास. उरलेले आठ गुण त्याला मिळालेल्या मिनिटांचे.

मग मॅक्कॉलमचा पुरस्कार पोकळ ठरतो का? अजिबात नाही. दुप्पट वेळ खेळायचं, समोरच्या संघाचा चांगला बचावपटू अंगावर घ्यायचा, आणि तरीही दर मिनिटाचं उत्पन्न घटू द्यायचं नाही, उलट वाढवायचं, हे फार थोड्यांना जमतं. बहुतेकांचं उत्पन्न मिनिटं वाढली की घसरतं. पण संधीतून आलेली वाढ आणि सरावातून आलेली वाढ वेगळी करून बघायची सवय मात्र हवी.

संधी कशी फिरते, हे इंडियाना पेसर्सच्या इतिहासात बघण्यासारखं आहे. या संघाचे पाच खेळाडू हा पुरस्कार जिंकलेत. बरोबरीला फक्त ओरलँडो. २००९ मध्ये पेसर्सच्या डॅनी ग्रेंजरला तो मिळाला. २०१२-१३ मध्ये ग्रेंजरच्या गुडघ्याने दगा दिला, तो पाचच सामने खेळला. त्याची जागा पॉल जॉर्जने भरली, १२.१ वरून १७.४ वर गेला आणि २०१३ चा मानकरी झाला. २०१७ मध्ये जॉर्ज ओक्लाहोमा सिटीला गेला. त्याच्या बदल्यात आलेल्या दोघांपैकी एक होता व्हिक्टर ओलाडिपो. तो १५.९ वरून २३.१ वर गेला आणि २०१८ चा पुरस्कार त्याचा. एकाच जागेवर एकामागोमाग तिघं. बदल्यात आलेला दुसरा खेळाडू डोमांतास साबोनिस, आणि त्याला तर मुंबईकरांनी प्रत्यक्ष पाहिलंय. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि सॅक्रॅमेंटो किंग्ज यांचे सराव सामने झाले, ते भारतातले पहिले एनबीए सामने. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत शाळकरी मुलं होती आणि सामना जादा वेळेत जाऊन पेसर्सनी १३२-१३१ असा जिंकला. ओलाडिपो मात्र दुखापतीमुळे खेळला नाही.

दुसरा वाद ड्राफ्टचा. मेम्फिसचा जा मोरांट २०१९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, पुढच्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२२ मध्ये १९.१ वरून २७.४ वर जाऊन ‘मोस्ट इम्प्रूव्ह्ड’ही झाला. हे दोन्ही मान मिळवणारा तो पहिला. अनेकांना ते खटकलं. ज्याच्याबद्दल पहिल्या दिवसापासून खात्री होती त्याला हा पुरस्कार कशाला? खुद्द मोरांटलाही तसंच वाटलं असावं. त्याने ती ट्रॉफी आपल्याच संघातल्या डेस्मंड बेनला देऊन टाकली. बेन ९.२ वरून १८.२ वर गेला होता, म्हणजे जवळपास दुप्पट. मतपत्रिकेने जे केलं नाही ते एका सहकाऱ्याने केलं, आणि माझ्या लेखी त्या वर्षीचा तोच खरा निकाल.

सगळेच निकाल असे वादाचे नसतात. २०१७ मध्ये यानिस अँटेटोकुंपो जिंकला. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक (समोरच्याची फेक हवेतच अडवणं) या पाचही गोष्टींच्या मोसमातल्या एकूण आकड्यांत तो लीगच्या पहिल्या वीसांत होता. असं आधी कुणाला जमलं नव्हतं. त्या मतदानात त्याच्या मागे दुसरा होता निकोला योकिच. पुढे दोघेही एकापेक्षा जास्त वेळा लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. आणि २००६ चा बोरिस दियाव मला विशेष आवडतो. अटलांटात ४.८ ची सरासरी असलेला हा फ्रेंच खेळाडू फिनिक्सला गेला. तिथे १३.३ गुणांसोबत त्याचे असिस्ट २.३ वरून ६.२ झाले. उंच खेळाडू असून तो गार्डसारखे पास देत होता. हे नुसत्या वाढलेल्या मिनिटांतून येत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये लीगने आपल्या पुरस्कारांच्या ट्रॉफींना जुन्या दिग्गजांची नावं दिली. या ट्रॉफीला नाव मिळालं जॉर्ज मायकनचं. मिनिअॅपोलिस लेकर्सला पाच विजेतेपदं मिळवून देणारा, सहा फूट दहा इंचांचा, जाड चष्मा लावून खेळणारा मायकन. लीगचा पहिला महान खेळाडू सुधारणेच्या ट्रॉफीवर कशाला, असं वरवर बघता वाटेल. पण डीपॉल विद्यापीठात आला तेव्हा तो अवघडलेला, पाय अडखळणारा मुलगा होता. प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्धाचा सराव दिला, पावलं हलकी व्हावीत म्हणून नाचही शिकायला लावला. आणि रोज एक सराव. रिंगच्या खाली उभं राहायचं, उजव्या बाजूने उजव्या हाताने बोर्डावर चेंडू लावायचा, जाळीतून पडणारा चेंडू जमिनीला टेकू न देता झेलायचा, लगेच डाव्या बाजूने डाव्या हाताने. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. शाळेत आमचे सर हेच करून घ्यायचे. तेव्हा फक्त खांदे भरून येतात एवढंच कळायचं, त्याला ‘मायकन ड्रिल’ म्हणतात हे फार उशिरा समजलं. डावा हात उजव्याइतका तयार होईपर्यंत हे कुणी बघायला येत नाही, त्याचा आकडाही कुठे छापला जात नाही.

२०२३-२४ पासून आणखी एक अट आली. मोसमात किमान ६५ सामने खेळल्याशिवाय या पुरस्कारासाठी नाव धरलं जात नाही. दुखापतीने बसलेल्यांवर ती थोडी कडक आहे, पण महिनाभराच्या चमकेवर पुरस्कार मिळणं तरी थांबलं.

आता पुन्हा डॅनियल्स. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोचा हा मुलगा न्यू ऑर्लिन्सकडून अटलांटाला आला तो डेजॉन्टे मरीच्या बदल्यात. हाच मरी २०२२ मध्ये मोरांटसोबत शेवटच्या तिघांत होता. अटलांटात डॅनियल्सची मिनिटं वाढली, गुणही वाढले, आणि नुसते तेच बघितले तर तो आणखी एक मॅक्कॉलम वाटेल. पण त्या मोसमात त्याने ७६ सामन्यांत २२९ वेळा चेंडू हिसकावला, म्हणजे सामन्याला तीन. पास सुटायच्या आत त्याचा हात तिथे पोहोचलेला असायचा. सामन्याला तीन स्टीलची सरासरी एनबीएत त्याआधी कुणी गाठली होती ती १९९०-९१ मध्ये, तब्बल ३४ मोसम आधी. मिल्वॉकीकडून खेळणारा तो गार्ड होता अॅल्विन रॉबर्टसन.